आजची मूठ उद्या सोलायची

घाडीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मरोळच्या आमच्या गाळ्यात मशीनसमोर उभी होते. सकाळचे अकरा वाजले असतील. त्यांचा मुलगा नितीन एवढंच म्हणाला, "वैशालीताई, बाबा गेले गं... आत्ताच." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि ऑपरेटरला मशीन बंद करायला सांगितलं. ज्या माणसाच्या हाताखाली आणि मग बरोबरीने मी सव्वीस वर्षं काम केलं, तो गेल्याचं कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगायची आजही लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता काका त्या लॉटबद्दल मला पुन्हा विचारणार नाहीत. श्वासभरच टिकलं असेल ते, पण आलं ते आलं. याला आता दोन महिने होऊन गेले. हे वगळून काकांबद्दल चार शब्द लिहिता येतील का, ते मी बरेच दिवस करून पाहिलं. नाही जमलं.

आमचं काम लोकांना समजावून सांगताना माझी नेहमीच पंचाईत होते. मग मी सांगते, स्क्रू-ड्रायव्हर नाहीतर टूथब्रश हातात घेऊन बघा. आत कडक, आणि बोटं टेकतात तिथे मऊ. दोन वेगळी प्लॅस्टिकं एकाच वस्तूत, आणि मध्ये डिंक नाही की स्क्रू नाही. आधी कडक भाग एका साच्यात ओतून घ्यायचा, मग तोच दुसऱ्या साच्यात बसवून त्याच्यावर मऊ माल ओतायचा. याला ओव्हरमोल्डिंग म्हणतात. काका त्याला 'कातडं चढवणं' म्हणायचे. आमच्याकडे गेली काही वर्षं मुख्यतः वॉकरच्या मुठी होतात, म्हाताऱ्या किंवा पायाचं ऑपरेशन झालेल्या माणसांसाठी. आत पितळेचा नट, त्याच्याभोवती नायलॉन आणि वर रबरासारखं मऊ कातडं. तिन्ही एकजीव झाली तर कुणाला त्यांची आठवणसुद्धा होत नाही. पण कातडं सुटलं तर मूठ हातातल्या हातात फिरते, आणि वॉकर धरणाऱ्याने त्या क्षणी अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकलेला असतो. पुढचं सांगायला नको.

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात. मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते आणि ते मोल्डिंगचे मिस्त्री होते. उंचीने बेताचे, डोळे बारीक, बोलणं अस्सल मालवणी. मुंबईत पन्नास वर्षं काढूनही त्यांच्या भाषेला शेवटपर्यंत मुंबईचं पाणी लागलं नाही. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून गेलेल्या नगांची कातडी केळ्याच्या सालीसारखी निघायला लागली. प्लॅस्टिकचे दाणे तेच, साचा तोच, तापमान तेच. सगळे मशीनला दोष देत होते. काकांनी एक पीस उचलला, नाकाशी धरला आणि माझ्या अंबाड्याकडे बघत विचारलं, "तेल खयचा गो? खोबरेल?" मला काही कळेना. मी दर दोन मिनिटांनी अंबाड्यातली पिन नीट करत होते, आणि त्याच बोटांनी कडक भाग उचलून साच्यात ठेवत होते. बोटाचं तेल जिथे लागलं तिथे कातडं धरतच नव्हतं. सगळा विभाग हसला. काका हसले नाहीत. "हात केसांक लागलो काय धुवूक जावचा," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सुती हातमोजे घेऊन आले. त्यांची स्वतःची सवय तर अशी, की पाळीत घाम आला तरी कपाळाला हात लावायचे नाहीत. मान वाकडी करून खांद्याने पुसायचे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी घाम खांद्यानेच.

त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाबरोबर बसतं याचे न सांगितलेले नियम होते. आम्ही बुलढाण्याकडचे, बौद्ध. माझं आडनाव ऐकल्यावर एखाद्याचा डबा जरा पलीकडे सरकतो, हे मला शाळेपासून ओळखता यायचं. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातल्या ठेच्यात सरळ भाकरी बुडवली, डोळ्यांत पाणी आलं तरी तक्रार केली नाही, आणि त्यांच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं माझ्याकडे सरकवलं. त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. पुढे कारखान्याने तो विभागच बंद केला आणि आम्ही दोघांनी मिळून मरोळला गाळा घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर दोन खिळे मारले. एकावर त्यांचा गणपती लावला. दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझो फोटो खंय? हाड." दुसऱ्या दिवशी मी घरून बुद्धांची तसबीर आणली. दोन्ही अजून तिथेच आहेत.

मला त्यांनी भागीदार का केलं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांच्या ओळखीत माझ्याहून हुशार माणसं होती, बोलण्यात तर कितीतरी पटाईत. मी मुळात घाबरट. नाहूरच्या आमच्या घराला कुलूप लावून दोन जिने उतरले की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणार. गॅस बंद केला का, हे मुलीला शाळेत फोन करून विचारायचं तेवढं बाकी ठेवलंय. काका म्हणाले, "म्हणान तर. न भिणारो माणूस ह्या कामात नको." माझ्या आईला, नवऱ्याला, अगदी मला स्वतःलाही जो माझा दोष वाटत आला, त्याला त्यांनी कामाला लावलं होतं. तेव्हा मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण जशा आहोत तशा कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत असं वाटलं...

गाळ्यातला त्यांचा एक नेम होता. कातडं चढवलेला पीस साच्यातून निघतो तेव्हा गरम असतो, आणि तेव्हा ओढून बघितलं तर चांगलावाईट सारखाच वाटतो. दोन मालांची खरी पकड कळायला एक दिवस जावा लागतो. म्हणून काका रोजच्या कामातली एक मूठ बाजूला काढायचे, तिच्यावर मार्करने तारीख टाकायचे आणि दाराशेजारच्या फळीवर ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला की ती उतरवायची, पक्कडीने कातड्याची कड पकडायची आणि ओढायची. कातडं फाटून तुकडे नायलॉनलाच चिकटून राहिले तर माल चांगला. खालून गुळगुळीत चकचकीत नायलॉन दिसलं तर आदल्या दिवसाचा सगळा लॉट बाद. मूठ सोलल्याशिवाय माल गाळ्याच्या बाहेर जायचा नाही. गिऱ्हाइकाचा टेंपो दारात येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला तरी काका चहाचा पेला पुढे करून ड्रायव्हरला म्हणायचे, "बस जरा. गरम असताना सगळाच चिकाटता. थंड झाल्यार बघूया." त्यांची तब्येत बिघडायला लागली तशी पक्कड माझ्या हातात आली. पण रोज दहाच्या सुमारास विक्रोळीहून त्यांचा फोन यायचाच. "सोललंस मगो?" मी म्हणायचे, सोललं. मग दुसरा प्रश्न यायचा. "मागे काय रवला?" मागे काय राहिलं ते सांगितलं की फोन बंद. नमस्कार नाही, बाकी चौकशी नाही.

आता त्या मंगळवारचं. जुलै महिना होता. दुपारी वीज गेली ती तीन तास आलीच नाही. नायलॉनला हवेतली ओल धरायची खोड असते, म्हणून कडक भाग तयार झाले की आम्ही ते ड्रायरमध्ये ठेवतो आणि तिथून थेट दुसऱ्या साच्यात घालतो. त्या दिवशी ड्रायर बंद पडला आणि दोन ट्रे भरून काढून ठेवलेला माल तसाच उघड्यावर राहिला. वीज आल्यावर तो पुन्हा चार तास वाळवायला हवा होता. मला हे माहीत होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्याच दुपारी नितीनचा फोन आला होता, की बाबांना दम लागलाय, हॉस्पिटलात घेऊन आलोय, ऑक्सिजन लावलाय. गिऱ्हाईक कंपनीचा टेंपो सकाळी आठला येणार होता. ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, घेऊ का हाच माल?" मी म्हटलं, घे. संध्याकाळी निघताना लॉटच्या कागदावर 'पास' म्हणून सही केली, एक मूठ खिळ्याला लावली आणि रिक्षा पकडली. एरवी एका सहीसाठी तीनदा मागे फिरणारी मी. त्या दिवशी माझी सगळी भीती हॉस्पिटलात होती. मुठींच्या वाट्याला ती उरलीच नव्हती.

बुधवारी टेंपो येऊन माल घेऊन गेला तेव्हा मी काकांच्या खाटेशेजारी बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांना सुया होत्या. कपाळावर घाम आला की मान वाकडी करून खांद्याने पुसायची त्यांची खटपट चालली होती, आणि नर्स म्हणत होती, "आजोबा, मान हलवू नका ना." मला बघून त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला करायला लावला.

"कालचो लॉट गेलो?"

"हो काका. सकाळीच."

"सोललंस मगो?"

आता वाटतं, तेव्हा 'नाही' म्हणायला किती सोपं होतं. फोन फिरवून टेंपो अंधेरीतूनच परत बोलावता आला असता. पण त्यांचा श्वास असा ओढत चालला होता, की मला वाटलं आपल्या एका 'नाही'ने तो अडकेल. मी म्हटलं, "सोललं."

"मागे काय रवला?"

"सगळं फाटून आलं काका. बोटभर जाड तुकडे राहिले नायलॉनवर. पक्कड घसरत होती."

इतकं सांगायची गरज नव्हती. पण खोटं बोलणारा माणूस जरा जास्तच सांगतो. काका "बरा झाला" म्हणाले आणि डोळे मिटले. मी मास्क पुन्हा नीट बसवला.

कुणी विचारेल, मग दुसऱ्या दिवशी का नाही सोलली? मूठ तर खिळ्यालाच होती. हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. रोज सकाळी फळीवरून आदल्या दिवसाची मूठ उतरवायचे, सोलायचे, आणि मंगळवारच्या मुठीला हात न लावता वळायचे. ती सोलली आणि चांगली निघाली तर प्रश्नच नव्हता. पण वाईट निघाली तर खोटं खरोखरच खोटं ठरणार होतं, आणि ते काकांना सांगावं लागलं असतं. न सोललेली होती तोवर निदान काहीच नक्की नव्हतं. पण न सोललेल्या मुठीनेच माझा जीव टांगणीला लावला. नाहूर स्टेशनच्या पुलावर कुणी वॉकर घेऊन चढताना दिसलं की माझी नजर त्या माणसाच्या अंगठ्याखाली जायची. बागेत एक आजी बसायच्या, त्यांच्या वॉकरच्या मुठी आमच्या होत्या. मी दोन संध्याकाळ त्यांच्या मागे मागे चालले, त्या पडल्याच तर धरता याव्यात म्हणून. शेवटी त्यांच्या सुनेने मला हटकलं. काय सांगणार? मी म्हटलं, "माझ्या आईसारख्या दिसतात हो." म्हणजे आणखी एक खोटं. रोज ठरवायचे की आज कंपनीला फोन करायचा, आणि रोज वाटायचं, काका बरे होऊन घरी येऊ देत, मग त्यांनाच विचारून करू. ते घरी आलेच नाहीत. त्या बुधवारनंतर नवव्या दिवशी तो अकराचा फोन आला.

तेराव्यानंतर मी त्यांच्या विक्रोळीच्या घरी गेले. आधीच्या दिवसांत माणसांची गर्दी असायची, धड बोलता यायचं नाही. आता घर रिकामं होतं. काकी आतल्या खोलीतून मला भेटायला बाहेर आल्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्या वॉकर घेऊन चालतात. त्या चार पावलं आल्या, आणि माझी नजर सवयीने त्यांच्या हातांकडे गेली. मुठी कोऱ्या होत्या.

आमच्या प्रत्येक मुठीच्या तळाशी साच्यातूनच एक बारीक गोल उमटतो, आणि त्यात महिना आणि लॉटची खूण असते. काकी खुर्चीत बसल्यावर मी वॉकर बाजूला ठेवायच्या निमित्ताने वाकून बघितलं. मंगळवारचाच लॉट. मी नितीनला विचारलं, या मुठी कधी लावल्या? तो सहज म्हणाला, "अगं, आधीच्या फार गुळगुळीत झाल्या होत्या ना, बाबा कधीपासून बदलायच्या म्हणत होते. तू बुधवारी त्यांच्यापाशी बसून गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, गाळ्यात जा आणि मंगळवारच्या लॉटमधल्या दोन घेऊन ये, वैशालीने स्वतः सोलून पास केलाय. टेंपोत न गेलेल्या दोन-चार मागे उरल्या होत्या, त्यातल्या तुझ्या ऑपरेटरने दिल्या. तू नव्हतीस तेव्हा."

आपल्या बायकोच्या हातात काकांनी माझा शब्द बसवून दिला होता. त्या दोन मुठींवर भार टाकून काकी तीन आठवडे मोरीत जात होत्या, देवापाशी जात होत्या, भेटायला येणाऱ्यांसाठी उठून उभ्या राहत होत्या... मी म्हटलं, "काकी, तुम्ही उठू नका. मला काहीतरी सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. वीज गेली तिथपासून 'बोटभर जाड तुकडे' म्हणाले तिथपर्यंत. नितीन भिंतीला टेकून ऐकत होता. काकी माझ्याकडे न बघता स्वतःच्या पदराचं टोक गुंडाळत होत्या.

"म्हणजे तेंका खोटा सांगलंस?"

"हो."

"मरताना."

"हो काकी."

मला वाटलं, आता या मला जायला सांगतील, आणि त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी गेलेही असते. मग त्या नितीनला म्हणाल्या, "तेंची पक्कड हाड. आणि ह्यो मुठी काढून हिच्याकडे दे." मला म्हणाल्या, "सोल. माझ्या समोर सोल."

नितीनने स्क्रू सोडवून दोन्ही मुठी माझ्या मांडीवर ठेवल्या. पक्कड काकांची, घरची, दांड्यांना दोरा गुंडाळलेली. डावी मूठ मी आधी घेतली. कड पकडून ओढली तर निघेना, दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा फाटली, आणि नायलॉनवर काळे तुकडे चिकटून राहिले. चांगली. मला रडूच आलं. मग उजवी घेतली. सुरुवातीला तीही फाटली, पण अंगठा टेकतो त्या जागी आल्यावर कातडं जराही न अडकता सरळ वर आलं. दोन बोटं रुंदीचं. खाली नायलॉन आरशासारखं चकचकीत होतं. काकींनी हात पुढे केला, ती जागा बोटाने चाचपली आणि मूठ मला परत दिली. उजवा खुबाच त्यांचा ऑपरेशनचा.

तिथूनच, त्यांच्या समोर बसून, मी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. तो लॉट थांबवा, वाळवायची चूक आमची आहे, गेलेला सगळा माल परत घेते. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. बराचसा माल त्यांच्या गोदामातच होता, तो दोन दिवसांत आला. दुकानांत गेलेला ते अजून गोळा करताहेत. बागेतल्या आजींच्या मुठी मी स्वतः तपासल्या. त्या जुन्या लॉटच्या निघाल्या. त्यांच्या सुनेलाही खरं काय ते सांगितलं. पण काही मुठी कुणाच्या कुणाच्या घरी जाऊन पोचल्यात आणि त्या अजून मिळालेल्या नाहीत. फोन वाजला की आजही वाटतं, कुणीतरी पडलं. हे लिहितानाही एकदा वाजला.

त्या दिवशी निघताना मी काकींना विचारलं होतं, काकांना संशय आला असेल का हो? मी जास्तच बोलले होते, आणि त्यांना माझी खोड न् खोड माहीत होती. मुद्दाम तर नसतील लावल्या, मला बोलणं भाग पडावं म्हणून? काकी म्हणाल्या, "माका काय माहीत? माका मुठी लावून दिल्यानी, मी धरलंय." त्यांचं बरोबर आहे. काकांनी स्वतःच्या बायकोला पणाला लावलं असतं, असं मलाही खरं वाटत नाही. त्यांनी सरळ विश्वास ठेवला असणार, आणि मला तेच जास्त जड जातं. सव्वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबासकी दिली नव्हती. दिली ती अशी.

गाळ्यात आता फळीवरची मंगळवारची मूठ सोललेली आहे. अर्धं कातडं लोंबतंय, तारीख अजून वाचता येते. ती मी उतरवलेली नाही. काकींच्या वॉकरला मुठी लावल्या त्या नव्या लॉटमधल्या, त्यातली एक त्यांच्यासमोर सोलून मगच. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहाला गाळ्यात माझा फोन वाजला. वर काकांचंच नाव दिसलं. त्यांचा फोन आता काकी वापरतात.

"सोललंस मगो?" पलीकडून विचारलं.

चहा नुकताच आला होता. आदल्या कामाची मूठ खिळ्यालाच होती. 'हो' म्हणून टाकलं असतं तर पाच मिनिटांनी ते खरंही झालं असतं.

"नाही काकी," मी म्हटलं. "अजून नाही. आत्ता घेते."

"घे तर. मी थांबतंय," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन चालूच ठेवला.